औद्योगिक दळणयंत्रांतील वंगणतेलाचा अतिरिक्त खप : कारणमीमांसा व उपाय
(शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

यंत्र चालवण्याच्या खर्चात वीज, इंधन आणि मजुरी यांचा हिशेब सहसा ठेवला जातो. वंगणतेलाचा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो. तेल कमी दिसले की ओतावे, डबा संपला की नवा आणावा, अशी सर्वसाधारण रीत आहे. त्यामुळे तेलाचा खप हळूहळू वाढत जातो आणि यंत्र बंद पडेपर्यंत ती वाढ कोणाच्या लक्षात येत नाही. वास्तविक वाढलेला खप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण असते. सील झिजले आहे, बेअरिंग तापत आहे, धूळ आत शिरत आहे किंवा इंजिनातील रिंगा निकामी होत आहेत, याची पहिली सूचना यंत्र तेलाच्या रूपाने देत असते. ती सूचना वाचता यावी, या हेतूने प्रस्तुत लेखात दळणाच्या आणि भरडण्याच्या यंत्रांत तेल अधिक का लागते, याची कारणे मांडली आहेत व ती ओळखण्याच्या सोप्या पद्धती सांगितल्या आहेत.

प्रादेशिक पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांत शहापूर क्षेत्रफळाने सर्वांत मोठा असून शहापूर व मुरबाड हे दोन्ही तालुके आजही प्रामुख्याने ग्रामीण आहेत. भात हे येथील मुख्य पीक, त्यामुळे भातगिरणी आणि पिठाची चक्की गावोगावी आढळते. जमिनीखाली काळा बेसॉल्ट दगड आहे. रस्ते आणि इमारती यांसाठी खडी लागते, म्हणून डबर फोडणारे खडी क्रशरही या भागाला अपरिचित नाहीत. शहापुरातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो आणि ५ जून २०२५ रोजी पूर्णत्वास गेलेल्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पाही याच तालुक्यातून जातो. मुरबाडमधून माळशेज घाटाकडे जाणारा महामार्ग आहे, तसेच तेथे औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. कारखान्यांच्या यंत्रशाळांत धातू घासून अचूक मापात आणणारी ग्राइंडिंग यंत्रे वापरात असतात.

तांदूळ सडणे, पीठ दळणे, दगड भरडणे आणि धातू घासणे ही चारही कामे वरकरणी भिन्न वाटतात. वंगणाच्या दृष्टीने मात्र त्यांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक ठिकाणी पदार्थाचे बारीक कण तयार करणे हाच यंत्राचा हेतू असतो, आणि नेमके तेच कण वंगणाचे सर्वांत मोठे शत्रू असतात. त्यात कोकणपट्टीचा दमट, अतिपावसाचा हंगाम आणि कामाचे हंगामी स्वरूप यांची भर पडते.

‘खप’ म्हणजे नेमके काय ?

कारणे शोधण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली, रचनेनुसार होणारा खप. काही यंत्रांत तेल एकदाच वापरले जाते. ग्राइंडिंग यंत्राच्या सरकपट्ट्यांवर सोडलेले तेल किंवा जुन्या भातगिरणीतील उघड्या बेअरिंगमध्ये तेलकुपीतून थेंब थेंब पडणारे तेल परत येत नाही, आणि तेथे तो दोष मानता येत नाही. दुसरी, बदलीचे तेल. गिअरबॉक्समधील किंवा इंजिनातील तेल ठरावीक तासांनंतर बदलावेच लागते. तिसरी, दोन बदल्यांच्या दरम्यान वरून ओतावे लागणारे तेल. अतिरिक्त खप म्हणतात तो या तिसऱ्या प्रकारातला. तिन्ही प्रकारांचे तेल एकाच डब्यातून काढले जाते आणि एकाच खात्यावर लिहिले जाते, तेव्हा दोष कोठे आहे हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

यंत्रातून कमी होणारे तेल चारच वाटांनी जाऊ शकते. ते बाहेर गळते, उष्णतेने जळते वा वाफ होऊन उडते, दुसऱ्या पदार्थात मिसळून जाते, अथवा ओतताना आणि मोजताना सांडते. पुढील विवेचन या चार वाटांच्या अनुरोधाने केले आहे.

गळती : सील, धूळ आणि कोंडलेला श्वास

फिरता शाफ्ट जेथे पेटीतून बाहेर येतो तेथे रबरी ऑइल सील बसवलेले असते. सीलची बारीक कड शाफ्टवर टेकते आणि तेल अडवते. या कडेवर धूळ साचली की ती सहाणेसारखे काम करते. बेसॉल्टमधील फेल्डस्पार या खनिजाचा कठीणपणा मोहस् श्रेणीत सुमारे ६ असतो, म्हणजे साध्या पोलादापेक्षा अधिक. म्हणून क्रशरच्या शाफ्टवर सीलच्या जागी कालांतराने खोबण पडते. अशा शाफ्टवर नवे सील बसवले तरी गळती थांबत नाही, आणि मग ‘सीलच खराब निघाले’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. सील बदलताना त्या जागेवरून नख फिरवून पाहावे. नख अडले तर सीलची जागा किंचित सरकवणे अथवा शाफ्टवर पातळ बाही चढवणे हाच उपाय होय.

भातगिरणीतील धूळ मऊ असते, हा समजही बरोबर नाही. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो आणि तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत बहुतांश सिलिका असते. हा सिलिकेचा अंशच तुसाला खरखरीतपणा देतो. म्हणूनच हलरचे लोखंड झिजते आणि त्याच कारणाने सीलही झिजते.

गळतीचे दुसरे कारण सहसा दुर्लक्षित राहते, ते म्हणजे बुजलेला ब्रीदर. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा आत-बाहेर होण्यासाठी लहान छिद्राची टोपी असते. तेल आणि हवा यांनी निम्मी निम्मी भरलेली पेटी सकाळी २५ अंश सेल्सिअसवर असेल आणि दुपारी ७५ अंशांपर्यंत तापली, तर ब्रीदर बंद असताना आतील हवेचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. हवा तापून प्रसरण पावते आणि तेलही फुगून हवेची जागा कमी करते, असा तो दुहेरी परिणाम असतो. सामान्य ऑइल सील मोठा दाब सोसण्यासाठी बनवलेले नसते, त्यामुळे तेल सर्वांत दुबळ्या जागेतून वाट काढते. टोपीवर साचलेली पिठाची किंवा दगडाच्या धुळीची पुटे पंधरा दिवसांतून एकदा साफ केली, तर अनेकदा नवे सील घेण्याची वेळच येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. संध्याकाळी यंत्र थंड झाले की पेटी बाहेरची हवा आत ओढते. श्रावणातल्या दमट हवेत या ‘श्वासा’बरोबर पाण्याचा अंश आत जातो. ब्रीदरला जाळी नसेल तर धूळही जाते. ब्रीदर बुजलेला नसावा आणि उघडाही नसावा, अशी दुहेरी काळजी येथे घ्यावी लागते.

गळती किरकोळ दिसते म्हणून ती सोडून देण्याची प्रवृत्ती असते. साधे गणित करून पाहावे. तेलाच्या एका थेंबाचे आकारमान सुमारे एक मिलिलिटरचा विसावा भाग धरले, तर सेकंदाला एक थेंब या वेगाने दहा तासांत ३६,००० थेंब, म्हणजे १.८ लिटर तेल जाते. वर्षातून २५० दिवस काम चालले तर ही रक्कम ४५० लिटर होते. दहा सेकंदांना एक थेंब गळत असेल तरी वर्षाला ४५ लिटर तेल मातीत मुरते.

उष्णता, चुकीची श्यानता आणि अतिभरण

तेलाचा घट्टपणा, म्हणजेच श्यानता, तापमानाप्रमाणे झपाट्याने बदलते. औद्योगिक तेलांची आय.एस.ओ. श्रेणी ही ४० अंश सेल्सिअसवरील श्यानतेवरून ठरते. १५० श्रेणीच्या खनिज तेलाची श्यानता ४० अंशांवर १५० सेंटिस्टोक असते. तेच तेल १०० अंशांवर १५ सेंटिस्टोकच्या आसपास येते, म्हणजे दहापट पातळ होते. पातळ तेल सीलच्या कडेखालून सहज निसटते, शिवाय धातूंच्या मध्ये पुरेसा थर राखत नाही. थर तुटला की घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता वाढते आणि उष्णतेने तेल आणखी पातळ होते. हे चक्र एकदा सुरू झाले की तेल ओतत राहण्याने ते थांबत नाही.

उष्णतेचा दुसरा परिणाम रासायनिक आहे. तापमान दर दहा अंशांनी वाढले की तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, असा व्यवहारात वापरला जाणारा नियम आहे. अशा तेलात आम्ल आणि चिकट गाळ तयार होतो. गाळाने तेलवाहिन्या व गाळण्या अरुंद होतात. अभिसरण पद्धतीच्या कोन क्रशरमध्ये परतीचे तेल अडखळले की ते धूळ-सीलच्या बाजूने बाहेर पडू लागते. म्हणूनच परतीच्या तेलाच्या तापमानाची नोंद महत्त्वाची. ते साधारणतः ६० अंशांच्या आत राहावे, अशी अपेक्षा असते.

‘थोडे जास्त असलेले बरे’ या समजुतीने केलेले अतिभरण हे तिसरे कारण. पातळीपेक्षा अधिक तेल असले की गिअरचे दाते ते घुसळतात, फेस येतो आणि तापमान चढते. फेस ब्रीदरमधून बाहेर येतो. जास्त ओतलेले तेल अशा रीतीने स्वतःबरोबर उपयोगाचे तेलही घेऊन जाते. ग्रीसबाबतही हेच घडते. चक्कीच्या बेअरिंगमध्ये ठासून भरलेले ग्रीस बेअरिंग तापवते व अखेर सील बाहेर ढकलते. पातळी नेहमी यंत्र थांबवून, तेल स्थिरावल्यानंतरच पाहावी. चालत्या यंत्रात तेल अंगभर पसरलेले असल्याने पातळी कमी भासते आणि हात आपोआप डब्याकडे जातो.

इंजिनात जळणारे तेल

विजेचा पुरवठा खंडित होणाऱ्या भागांत डिझेल इंजिनावर चालणाऱ्या गिरण्यांची परंपरा जुनी आहे. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचयाची झाली. खडी क्रशरवर आजही डिझेल जनित्रे वापरात असतात. इंजिनातील तेलाचा काही अंश सिलिंडरमध्ये जळणे स्वाभाविक आहे. जळालेल्या डिझेलच्या सुमारे एक टक्क्यापेक्षा अधिक तेल लागू लागले, म्हणजे २० लिटर डिझेलमागे २०० मिलिलिटरपेक्षा जास्त, तर मात्र तपासणी आवश्यक ठरते.

धुराचा रंग येथे मार्गदर्शक असतो. निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो, तर काळा धूर हवेच्या मानाने इंधन अधिक होत असल्याचे. धुळीच्या जागी हवेची गाळणी फाटकी असली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर लवकर झिजतात आणि तेल वर चढते. काही इंजिनांत हवा तेलाच्या कुंडीतून गाळली जाते. त्या कुंडीत खुणेपेक्षा अधिक तेल भरल्यास इंजिन ते ओढून घेते आणि प्रसंगी त्याच तेलावर बेफाम वेगाने धावू लागते. ही केवळ नुकसानीची नव्हे, तर अपघाताचीही बाब आहे. मोठे जनित्र दीर्घकाळ अत्यल्प भारावर चालवणे हेही एक कारण होय. पुरेसा भार नसल्याने रिंगा सिलिंडरवर नीट दाबल्या जात नाहीत, सिलिंडरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि त्यावर तेल टिकत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तेलाची पातळी न घटणे ही नेहमीच चांगली खूण नव्हे. इंधन पंपातून डिझेल किंवा शीतन व्यवस्थेतून पाणी तेलात मिसळत असेल, तर जळालेल्या तेलाची जागा ते भरून काढतात आणि पातळी तेवढीच दिसते. अशा तेलावर चाललेले इंजिन मालकाला काटकसरी वाटते आणि अचानक जाम होते.

मिसळून जाणारे तेल

धातूच्या ग्राइंडिंग यंत्रात सरकपट्ट्यांचे आणि हायड्रॉलिक टेबलाचे तेल शीतक द्रवात उतरते. शीतकाच्या टाकीवर तरंगणारा तवंग हाच हरवलेल्या तेलाचा पत्ता असतो. त्या तवंगामुळे शीतकाला दुर्गंधी येते, चाकाचे दाणे बुजतात आणि घासलेला पृष्ठभाग खराब होतो. येथे तेलाचा तोटा मालाच्या दर्जात उमटतो.

भातगिरणी आणि चक्कीत हीच वाट अधिक गंभीर होते, कारण तेथे तेल ज्या पदार्थात मिसळते तो माणसाच्या ताटात जातो. दळणाच्या पेटीला लागून असलेले बेअरिंग आतल्या बाजूने गळत असेल, तर जमिनीवर डाग दिसत नाही आणि तेल कमी मात्र होत राहते. बाहेर डाग नसताना होणारा खप हा म्हणूनच अन्नधान्याच्या यंत्रांत सर्वांत आधी तपासण्याचा विषय आहे. अन्नाशी आकस्मिक संपर्क येऊ शकेल अशा जागांसाठी वेगळ्या प्रतीची वंगणे मिळतात. ती महाग असली तरी त्या दोन-चार बेअरिंगपुरती वापरणे शक्य असते.

हंगामी यंत्रांचा विशेष प्रश्न

भातगिरणीचे काम दिवाळीच्या सुमारास, नवे भात घरात आले की जोर धरते. पावसाळ्यात अनेक यंत्रे बहुतांश काळ उभी असतात, आणि खडीचे कामही त्या काळात मंदावते. उभ्या यंत्रात सील एकाच जागी दाबून राहते, रबर कडक होते आणि दमट हवेने शाफ्टवर गंजाचा पट्टा धरतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी यंत्र सुरू होताच हा गंज सीलची कड कापून टाकतो. पुढचे चार महिने यंत्र तेल ‘पिते’, आणि त्याचे खापर यंत्राच्या वयावर फोडले जाते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा यंत्र हाताने चार-सहा वेढे फिरवणे, उघड्या शाफ्टवर ग्रीसचा हात फिरवणे आणि हंगामापूर्वी तळातील पाणी काढून टाकणे, एवढ्याने यातील बराचसा तोटा टळू शकतो.

कारण शोधण्याचा क्रम

तज्ज्ञ कारागीर व सुटे भाग यांसाठी या तालुक्यांतील व्यावसायिकांना बहुधा कल्याण, भिवंडी यांसारख्या शहरांकडे पाहावे लागते. म्हणून पुढील तपासणी स्थानिक पातळीवरच, क्रमाने करावी.

१) यंत्र पूर्णपणे पुसून स्वच्छ करावे. तेलकट धुळीचा जुना थर असताना नवी गळती दिसत नाही.
२) मापाच्या भांड्याने खुणेपर्यंत तेल भरून तारीख, यंत्राचे तास आणि प्रमाण वहीत लिहावे. आठ तासांनंतर, यंत्र थांबवून, घट पुन्हा मोजावी.
३) संशयित सांध्यांवर खडूची पूड लावावी व यंत्राखाली पांढरा कागद पसरावा. ओला डाग जेथे प्रथम उमटतो, तेथेच कारण शोधावे. तेल खाली ओघळत असल्याने सर्वांत खालचा डाग फसवा असतो.
४) तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाकावा. मध्ये काळा, दाट ठिपका राहिला तर काजळी वा धूळ अधिक आहे असे समजावे. तेल दुधाळ दिसल्यास, किंवा तापलेल्या तव्यावर थेंब टाकताच तडतडल्यास, त्यात पाणी आहे. ही चाचणी डोळे सांभाळून, एका लहान थेंबानेच करावी.
५) एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि नंतर पुन्हा आठ तास मोजमाप घ्यावे. सील, तेल आणि ब्रीदर एकदम बदलले तर खप कमी होतो, पण कशामुळे झाला हे कळत नाही. पुढच्या वर्षी तिन्हींचा खर्च पुन्हा करावा लागतो.

पर्यावरणीय बाजू

शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. भातसा धरणही याच तालुक्यात आहे. बारवी जलाशयाचे क्षेत्र मुरबाडपर्यंत पसरलेले आहे. उन्हाळ्यात धरणांच्या शेजारची गावे टँकरची वाट पाहतात, ही येथील जुनी वेदना आहे. अशा भूमीत यंत्राखाली झिरपणारे तेल हा केवळ मालकाचा तोटा राहत नाही. ते पहिल्या पावसात ओहोळात उतरते आणि विहिरीपर्यंत पोहोचू शकते. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावयाचे असते. प्रत्यक्षात ‘काळे ऑइल’ वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासले जाते किंवा जाळले जाते. झिजलेल्या धातूंचे कण व ज्वलनाचे अवशेष त्यात असतात, ही माहिती गिरणीच्या ओट्यापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वंगणतेलाच्या अतिरिक्त खपामागे एकच एक कारण क्वचित असते. धुळीने सील झिजते, झिजलेल्या सीलमधून पाणी शिरते, पाण्याने तेल बिघडते आणि बिघडलेल्या तेलाने बेअरिंग तापते, अशी ती साखळी असते. तिचा पहिला दुवा बहुधा स्वस्त असतो, जसे की ब्रीदरची टोपी, हवेची गाळणी किंवा तेल मोजण्याचे भांडे. शेवटचा दुवा महाग असतो. एकाच यंत्रावर कुटुंबाचा निर्वाह चालवणाऱ्या गिरणीमालकाला ऐन हंगामात यंत्र बंद पडणे परवडत नाही, आणि डोक्यावरून भाताचे ओझे घेऊन आलेल्या बाईलाही रिकाम्या हाताने परतणे परवडत नाही.

या कामी ग्रामीण महाविद्यालये मोलाचा हातभार लावू शकतात. श्यानतेवरील तापमानाचा परिणाम हा भौतिकशास्त्राचा विषय आहे, ऑक्सिडीकरण रसायनशास्त्राचा, तर तेलाच्या खर्चाचे नोंदपुस्तक वाणिज्य शाखेचा. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील एका गिरणीची तेलवही एक हंगामभर ठेवली, तर पाठ्यपुस्तकातील सूत्रांना जिवंत उदाहरण मिळेल आणि आज कोणाकडेच नसलेली स्थानिक आकडेवारी हळूहळू उभी राहील. त्यासाठी मापाचे भांडे, वही आणि नियमितपणा एवढीच सामग्री पुरेशी आहे.